एकाच टेबलावरची दोन मुलं

परभणीसारख्या शहरात भूलतज्ज्ञाचं स्वतःचं हॉस्पिटल सहसा नसतं. बॅग गाडीत असते, फोन आला की निघायचं. सकाळी स्टेशन रोडला सिझर, दुपारी वसमत रोडला हर्निया, मध्येच कुणाचं तरी मोडलेलं हाड. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत या फिरतीत एक ऑपरेशन सतत असतं, लहान मुलाची सुंता. आमच्या घरात तिला सुन्नत किंवा खतना म्हणतात, ऑपरेशन थिएटरच्या रजिस्टरमध्ये सर्कमसिजन. मी मुसलमान आहे, जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची मुलगी आहे, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले. या विषयावर मराठीत शांतपणे लिहिलेलं मला फारसं वाचायला मिळालं नाही. टवाळी मिळाली, भीती मिळाली, मुलगा कुठे मिळाला नाही. म्हणून लिहायला बसले.

कधी कधी एकाच दिवशी, एकाच टेबलावर, पाठोपाठ दोन मुलं येतात. वय सारखं, वजन सारखं, ऑपरेशनही तेच. पहिल्याची फाइल जाड असते. लघवी करताना फुगा येतो ही तक्रार, तपासणी, फायमोसिसचं, म्हणजे पुढची कातडी आवळलेली असल्याचं, निदान, सहा आठवडे मलम लावूनही फरक नाही अशी नोंद, आईवडिलांशी दोनदा बोलणं, मग सही. हे घर मराठा किंवा लिंगायत किंवा बौद्ध असतं. दुसऱ्या मुलाची फाइल एक पानाची असते. निदानाच्या रकान्यात एकच शब्द, ‘रिलिजस’. त्या शब्दापुढे कुणी काही विचारत नाही. सर्जन विचारत नाही, सिस्टर विचारत नाही, आणि कितीतरी वर्षं या व्यवसायात काढूनही मी विचारावं असं कुणाला वाटत नाही, कारण मी त्याच समाजातली.

मला जे सांगायचं आहे ते या दोन फायलींमध्ये आहे. या प्रश्नावर जगभर भांडणं झाली, न्यायालयं बसली, कायदे झाले. आपल्याकडे मात्र मूल टेबलावर यायच्या आधी त्याचा धर्म टेबलावर येतो आणि मग मुलाकडे बघायचं राहून जातं. हे मुसलमान मुलाच्या बाबतीत होतं आणि हिंदू मुलाच्या बाबतीतही होतं.

आधी शरीराचं बोलू. नुकत्याच जन्मलेल्या मुलाची पुढची कातडी मागे जात नाही. ती जाऊ नये अशीच रचना आहे. नख बोटाला चिकटलेलं असतं तशी ती आतल्या भागाला चिकटलेली असते आणि मूल वाढतं तशी हळूहळू आपोआप सुटी होते. डग्लस गेर्डनर नावाच्या इंग्लंडमधल्या बालरोगतज्ज्ञाने 1949 साली हे नीट मांडलं. तोवर तिथे, विशेषतः खात्यापित्या घरांत, कातडी मागे जात नाही एवढ्या कारणावरून बाळांची सुंता सर्रास केली जात होती. गेर्डनर यांनी दाखवून दिलं की यातली बहुतेक ऑपरेशनं गरज नसताना होतात, आणि पाच वर्षांखालची सुमारे 16 मुलं त्या देशात दरवर्षी त्यापायी दगावतात. ब्रिटनमधली ती प्रथा पुढे ओसरली. मग 1968 मध्ये याकोब ओस्टर यांनी डेन्मार्कच्या शाळकरी मुलांना वर्षानुवर्षं तपासून सांगितलं की सहा-सात वर्षांच्या वयात आठ टक्के मुलांची कातडी घट्ट असते आणि सोळा-सतराव्या वर्षी एक टक्का मुलांची. म्हणजे थांबलं की बहुतेकांचं सुटतं. ज्यांचं सुटत नाही त्यांच्यासाठी स्टेरॉइडचं साधं मलम आहे, ते काही आठवडे नेमाने लावलं तर बऱ्याच मुलांना पुरतं.

आपल्याकडे उलटंच होतं. बाळाला न्हाऊ घालणारी बाई तेल लावून रोज ती कातडी मागे ओढते, ‘मोकळी व्हायला पाहिजे’ म्हणून. बाळ किंचाळतं, बारीक चिरा पडतात, त्या भरताना वण येतो आणि जी कातडी वयाबरोबर सैल झाली असती ती खरोखरच आवळते. हे सगळ्या जातीधर्मांच्या घरांत होतं. हा लेख वाचणाऱ्या एखाद्या आजीने जरी ते ओढणं थांबवलं तरी मला समाधान आहे.

दुसऱ्या बाजूला असे थोडे मुलगे असतात ज्यांना सुंतेची खरी गरज असते. कातडीच्या टोकाशी पांढरट, टणक कडं तयार होतं, लघवीची धार बारीक होते, मूल कुंथतं. त्या आजारात मलम पुरेसं पडत नाही, ती कातडी काढणं हाच पक्का उपाय. अशा मुलाचे वडील सेलूहून, जिंतूरहून आलेले असतात आणि ऑपरेशनचं नाव ऐकताच त्यांचा चेहरा उतरतो. “डॉक्टर, दुसरं काही पण करा. आमच्यात हे चालत नाही. उद्या लोक काय म्हणतील?” सर्जन चित्र काढून समजावतात, मी समजावते. काही जण ऐकतात. काही जण मुलाला घेऊन निघून जातात आणि लघवी अडल्यावर रात्री परत येतात. त्या मुलाच्या आणि त्याच्या उपचाराच्या मध्ये माझा धर्म उभा राहिलेला असतो, हे मला त्या क्षणी फार टोचतं.

आता वेदनेबद्दल, कारण ते माझं काम आहे आणि याबाबत मला कुणाशीही तडजोड करता येत नाही.

तान्ह्या बाळाला दुखत नाही, दुखलं तरी लक्षात राहत नाही, असं डॉक्टरसुद्धा फार काळ मानत होते. अगदी 1980 च्या दशकापर्यंत मोठमोठ्या देशांत कमी दिवसांच्या बाळांवर हृदयाची ऑपरेशनं झाली ती जेमतेम भूल देऊन. स्नायू सैल पडायचं औषध दिलं जाई, त्यामुळे बाळ हलत नसे, आणि हलत नाही म्हणजे दुखत नाही असं समजलं जाई. भारतीय वंशाचे डॉक्टर कन्वलजीत आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये दाखवलं की नीट वेदनाशामक दिलेल्या बाळांचं शरीर ऑपरेशनचा ताण कमी घेतं आणि ती बाळं नंतर अधिक चांगली सावरतात. आमच्या शाखेसाठी तो अभ्यास म्हणजे वळण होतं. दहा वर्षांनी, 1997 मध्ये, टोरंटोच्या ॲना टॅडिओ आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासली. जन्मल्यावर लगेच सुंता झालेली बाळं चार-सहा महिन्यांनी लस टोचायला आणली तेव्हा त्यांना सुई किती दुखते? सुंता न झालेल्या बाळांपेक्षा त्यांची प्रतिक्रिया तीव्र होती. ज्यांना सुंतेच्या वेळी बधिर करणारं क्रीम लावलं होतं ती मधे होती. बाळाच्या मनात ती वेळ आठवण म्हणून राहत नसेल. मज्जातंतूंमध्ये मात्र ती राहते.

माझ्या धाकट्या भावाची सुन्नत आमच्या गावी झाली. पाथरी तालुक्यातलं छोटं गाव. भाऊ पाच वर्षांचा असेल. त्याला जरीची टोपी, गळ्यात हार, घोड्यावर बसवून मशिदीपर्यंत मिरवत नेलं, घरात शिरा शिजत होता, मामा लोक कपडे घेऊन आले होते. खलीफा, म्हणजे आमच्याकडचा न्हावी, वस्तरा आणि बांबूची चिमटी घेऊन आला. मामाने भावाचे हात मागून धरले. “उप्पर देख, चिड़िया उड़ी!” आणि भावाने वर बघितलं. अम्माला मागच्या खोलीत बायकांनी धरून बसवलं होतं. त्यानंतरचा आवाज मी अंगणातून ऐकला. जळलेल्या कापडाची राख लावली, भाऊ लुंगी पुढे धरून कितीतरी दिवस चालत होता. घरच्यांचं त्याच्यावर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. सगळं घर त्याच्याभोवती होतं, लाड होत होते, आणि त्याच प्रेमाच्या माणसांनी त्याला धरून ठेवलं होतं. दोन्ही खरं आहे. मी या व्यवसायात आले त्यामागे त्या दिवसाचा वाटा मोठा आहे.

आज माझ्या टेबलावर मूल येतं तेव्हा त्याला झोपेचं औषध देते आणि कमरेच्या खाली, माकडहाडाजवळ, वजनाप्रमाणे मोजून बधिर करणारं औषध टोचते. याला आम्ही कॉडल म्हणतो. कधी थेट मुळाशी नस बधिर करतो, तिथे ॲड्रेनॅलिन मिसळलेलं औषध चुकूनही वापरायचं नाही, त्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो. मूल काही तास शांत झोपतं, जागं झाल्यावर पाणी मागतं. ऑपरेशनआधी सहा तास जेवण नाही, आईचं दूध चार तास आधीपर्यंत चालतं, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. नातेवाइकांना वाटतं उपाशी ठेवून आम्ही छळ करतो, पण भरल्या पोटी भूल दिली आणि उलटी श्वासनलिकेत गेली तर मूल हातचं जातं. पालकांचा प्रश्न नेहमीचा असतो, “मॅडम, बच्चे कू तकलीफ तो नै होती ना?” नीट भूल दिली तर नाही होत, असं मी सांगू शकते. पण जे खलीफाकडे जातात, किंवा मोहल्ल्यातल्या शिबिरात एका सकाळी ओळीने बसवलेल्या मुलांमध्ये ज्यांचं मूल असतं, त्यांना हे उत्तर द्यायला तिथे भूलतज्ज्ञ नसतो. शिबिरं भरवणारी माणसं चांगल्या मनाची असतात, गरिबाचा खर्च वाचावा म्हणून झटतात. पण एका मुलामागे मिळणारी मिनिटं मोजली की मला धडकी भरते.

कारण काही मुलांची सुंता करायचीच नसते, आणि ते आधी बघावं लागतं. लघवीचं छिद्र टोकाऐवजी खालच्या बाजूला असलेली मुलं जन्मतात, त्याला हायपोस्पाडियास म्हणतात. तीनशेत एक वगैरे हे प्रमाण असतं, म्हणजे दुर्मीळ नाही. या मुलांची कातडी पुढून अर्धवट असते, म्हणून घरात आनंद होतो की बाळ सुन्नत होऊनच आलं, अल्लाहची मेहरबानी. बाळाला डॉक्टरकडे नेलंच जात नाही. किंवा उलट, उरलेली कातडी कुणीतरी कापून टाकतं. नवीन मूत्रमार्ग तयार करायला सर्जनला नेमकी तीच कातडी लागते. दुसरा धोका रक्त न गोठण्याच्या आजाराचा, हिमोफिलियाचा. याबद्दलची जुनी जाण मला नेहमी थक्क करते. ज्यूंमध्ये सुंता आठव्या दिवशी होते, इतकी पक्की की शनिवारचा विश्रामही तिच्यासाठी मोडतात. तरी त्यांच्या तालमूद या धर्मग्रंथात लिहून ठेवलं आहे की आधीचे भाऊ सुंतेनंतर दगावले असतील तर पुढच्या मुलाची करू नये. हिमोफिलियाचं नाव तर सोडाच, रक्ताचं शास्त्रही नव्हतं तेव्हाची ही गोष्ट आहे. इस्लामी फिक्हमध्येही, म्हणजे धर्मशास्त्रातही, जिवाला धोका असेल तर सूट आहे. धर्माने मुलाकडे बघितल्याची ही उदाहरणं आहेत.

तिसरा धोका आम्हा डॉक्टरांच्याच हातातला. रक्त थांबवायला वापरतात तो विजेचा चटका, कॉटरी. साध्या मोनोपोलर कॉटरीचा प्रवाह त्या अरुंद अवयवात एकवटतो आणि सगळा अवयव जळू शकतो. कॅनडात 1966 साली एका बाळाचं असंच झालं. पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या मुलाला मुलगी म्हणून वाढवलं, किशोरवयात त्याने डेव्हिड राइमर या नावाने पुरुष म्हणून जगायचा निर्णय घेतला, आणि 2004 मध्ये आत्महत्या केली. त्याच्या सुंतेला धर्माचं कारण नव्हतं. फायमोसिस असं निदान होतं, आणि त्याच्या जुळ्या भावाची तीच तक्रार ऑपरेशनशिवाय बरी झाली.

वैद्यकशास्त्राची याबाबतची कारणं किती वेळा बदलली ते बघितलं की माझ्याच क्षेत्राकडे मी जरा सावधपणे बघते. न्यूयॉर्कचे लुइस सेअर यांनी 1870 मध्ये जाहीर केलं की सुंता केल्याने एका मुलाचे लुळे पाय सुधारले. मग जॉन हार्वी केलॉग, ज्यांचं आडनाव मक्याच्या पोह्यांच्या डब्यावर आहे तेच, म्हणाले की हस्तमैथुनाची सवय मोडायला सुंता करा आणि भूल देऊ नका, दुखणं उपयोगी पडतं. हे वाक्य भूलतज्ज्ञाने वाचायचं म्हणजे काय, ते मी सांगत नाही. पुढे स्वच्छता हे कारण झालं, मग कर्करोग, मग लघवीमार्गाचा संसर्ग. काही कारणांत तथ्य आहे. सुंता झालेल्या बाळांत पहिल्या वर्षी लघवीचा संसर्ग खरोखर कमी होतो, पण निरोगी मुलांपैकी एकाचा संसर्ग टाळायला शंभराहून जास्त मुलांची सुंता करावी लागते, आणि तो संसर्ग औषधाने बरा होतो. दक्षिण कोरियात तर कोरियन युद्धानंतर अमेरिकन प्रभावातून ही पद्धत आली, शाळकरी पोरांची हिवाळ्याच्या सुट्टीत रांग लागू लागली, आणि 2000 नंतर लोकांना माहिती मिळाली तशी ती झपाट्याने घटली. एका पिढीत आली, पुढच्या पिढीत ओसरू लागली.

एचआयव्हीचं कारण सगळ्यात भक्कम आहे आणि ते टाळून बोलणं अप्रामाणिकपणाचं होईल. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडातल्या तीन मोठ्या चाचण्यांत, 2005 ते 2007 दरम्यान, सुंता केलेल्या पुरुषांना स्त्रीकडून होणारी एचआयव्हीची लागण निम्म्याहून कमी झाल्याचं दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये जास्त लागण असलेल्या देशांसाठी ती सुचवली. पण त्या चाचण्यांतले पुरुष वयात आलेले होते, त्यांनी समजून होकार दिला होता. भारतात प्रौढांतलं एचआयव्हीचं प्रमाण सुमारे 0.2 टक्के आहे. आणि पाच वर्षांच्या मुलाला तो धोकाच नाही. ज्या वयात धोका सुरू होतो त्या वयात तो स्वतः ठरवू शकतो. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2012 मध्ये फायदे धोक्यांपेक्षा जास्त आहेत असं म्हटलं, पण सगळ्या बाळांची सुंता करा असं सांगण्याइतके ते मोठे नाहीत, असंही म्हटलं. नेदरलँड्सच्या वैद्यकीय संघटनेने 2010 मध्ये उलट भूमिका घेतली. कारणाशिवाय मुलाची सुंता करणं त्याच्या शरीराच्या हक्काविरुद्ध आहे, तरी बंदी घालू नये, कारण मग हे काम चोरून, अडाणी हातांनी होईल. मला ही दुसरी भूमिका जवळची वाटते, आणि त्यातला शेवटचा भाग विशेष.

बंदी कशी उलटू शकते ते जर्मनीत दिसलं. कोलोनमध्ये चार वर्षांच्या मुलाची सुंता झाली, दोन दिवसांनी रक्त थांबेना म्हणून त्याला रुग्णालयात न्यावं लागलं. खटला झाला. तिथल्या न्यायालयाने मे 2012 मध्ये डॉक्टरला सोडलं, कारण त्याचं काम वैद्यकीयदृष्ट्या नीट होतं आणि याबाबतचा कायदा तेव्हा स्पष्ट नव्हता, पण धार्मिक कारणाने केलेली सुंता ही शरीराला केलेली इजा आहे आणि आईवडिलांनी मुलाला स्वतःचं ठरवता येईपर्यंत थांबावं, असं म्हटलं. ज्यू आणि मुसलमान एकाच वेळी हादरले. जर्मनीतल्या ज्यूंना असं कुणी सांगणं म्हणजे काय, याचं ओझं त्या देशाला माहीत होतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने कायदा केला की वैद्यकीय नियम पाळून पालक हे करू शकतात. निकाल मुलाच्या बाजूने होता आणि कायदा समाजाच्या, असं मला वाटतं. दोघांमध्ये मुलाला विचारण्याची सोय दक्षिण आफ्रिकेने केली. त्यांच्या 2005 च्या बालक कायद्यात धार्मिक आणि वैद्यकीय कारण सोडून 16 वर्षांखालच्या मुलाची सुंता मना आहे, आणि वय व समज लक्षात घेऊन प्रत्येक मुलाला नकार देण्याचा हक्क आहे.

आपल्याकडे यावर वेगळा कायदा नाही. केरळ उच्च न्यायालयात याविरुद्ध याचिका झाली होती, ती मार्च 2023 मध्ये फेटाळली गेली, कायदा करणं हे न्यायालयाचं काम नाही म्हणून. दाऊदी बोहरा समाजातल्या मुलींच्या खतन्याविरुद्धचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात 2017 पासून आहे आणि 2018 मध्ये ते मोठ्या पीठाकडे गेलं. मुलींचं आणि मुलांचं एकच आहे असं मी म्हणणार नाही, मुलीच्या बाबतीत तिची इच्छा मारणं हाच हेतू असतो. पण मूल बोलू शकत नसताना त्याच्या शरीराचा भाग कायमचा काढायचा का, हा प्रश्न दोन्हीकडे आहे. आता डॉक्टरला संरक्षण मिळतं ते भारतीय न्याय संहितेच्या कलम 27 मधून, जे आधी दंड संहितेत 89 होतं. 12 वर्षांखालच्या मुलाच्या हितासाठी, पालकांच्या संमतीने, सद्भावनेने केलेली गोष्ट गुन्हा नाही. पालकांची सही असते, सद्भावना असते. हित कुणी ठरवलं हा रकाना रिकामा असतो. आणि मराठवाड्यात या रिकाम्या रकान्याने काय केलं ते आम्ही पाहिलं आहे. बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची 2019 मध्ये पाहणी झाली तेव्हा 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यांच्याही सह्या होत्या. गरीब माणसाचं शरीर कापणं आपल्याकडे फार सोपं आहे, मग कारण मुकादमाचं असो, डॉक्टरचं असो की परंपरेचं.

तरीही बंदी मला नको. माझी दादी 1948 सांगायची. पोलीस ॲक्शननंतरचे, म्हणजे भारतीय सैन्याने निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आणल्यानंतरचे, ते दिवस. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने नंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत मुसलमानांचं काय झालं ते नोंदवलं. निजामाच्या राज्यात रझाकारांनी हिंदूंचं काय केलं तेही याच मातीत झालं, ते माझे वडील वर्गात शिकवत, काही न लपवता. दादी म्हणायची, “दाढी निकाल सकते, टोपी फेंक सकते, ये कैसा छुपाना?” पुरुषांना याच खुणेवरून ओळखलं जाण्याची भीती तिने तिच्या डोळ्यांनी पाहिली होती. तिच्यासाठी सुन्नत म्हणजे इब्राहिम अलैहिस्सलामपासून चालत आलेली साखळी होती आणि त्या साखळीपायी माणसं मेली होती. माझ्या भावाला वर्गातली मुलं ज्या शब्दाने हाक मारत तो शब्द मी इथे लिहीत नाही, वाचणाऱ्यांना तो माहीत आहे. ज्या समाजाला त्याच्या शरीरावरून हिणवलं गेलं त्याला बाहेरून पोलीस पाठवून ‘मुलाचे हक्क’ शिकवायला गेलं तर मूल वाचणार नाही, दार बंद होईल. आतून मात्र विचारायला हवं. आमच्या हनफी पंथात सुन्नत ही सुन्नतच आहे, म्हणजे पाळावी अशी रीत, शाफई पंथासारखी वाजिब, म्हणजे बंधनकारक, नाही. कुराणात तिचा थेट उल्लेख नाही, ती हदीसमधून, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या नोंदींमधून, येते. वय पक्कं ठरलेलं नाही, बालिग होण्याआधी, म्हणजे वयात येण्याआधी, व्हावी एवढंच. म्हणजे थांबायला जागा आहे, सुरक्षित हाताची वाट बघायला जागा आहे, मुलाला विचारायलाही आहे.

थांबणं सोपं आहे असं मात्र मी म्हणत नाही. विहिरीवर पोहायला गेलेल्या पोरांमध्ये एकटा वेगळा दिसणं, नातेवाइकांचे टोमणे, हे सगळं मुलालाच सोसावं लागतं. कोलोनच्या न्यायाधीशाला ती विहीर दिसत नव्हती. आणि मोठ्या वयात ऑपरेशन जास्त दिवस दुखतं, हेही खरं.

लोक मला विचारतात, तुमच्या मुलाचं काय केलं? ते मी इथे सांगणार नाही. शरीर त्याचं आहे, ते चारचौघांत सांगायचं की नाही हे तोच ठरवेल.

माझ्याकडून मी एवढं करते. परभणीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे ठरावीक दिवशी बालशल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ यांच्या हाताखाली सुंता मोफत व्हावी, आधी हायपोस्पाडियास आणि रक्तस्रावाची चौकशी व्हावी, प्रत्येक गुंतागुंतीची नोंद व्हावी, यासाठी आमच्या लोकांच्या सह्या गोळा करते आहे. मशिदीच्या कमिटीतले काही जण सोबत आहेत. आणि मोठ्या मुलांशी मी भूल देण्याआधी एकटीने बोलते, जशी कुठल्याही पेशंटशी बोलते. बहुतेक मुलं होकार देतात. काहींना घोडा आणि नवे कपडे हवे असतात, तेही कारण मी मान्य करते.

मागच्या सुट्टीत एका नऊ वर्षांच्या मुलाने नको म्हटलं. सर्जननी ऑपरेशन पुढे ढकललं. त्याचे वडील काही न बोलता त्याला घेऊन गेले, आजोबा संतापले. नंतर त्याच्या आईचा फोन आला, “मॅडम, उन्ने तुमकू क्या बोला?” मी सांगितलं, भीती वाटते म्हणाला, आणि आत्ता नको म्हणाला. “हमकू तो कबी नै बोला,” ती म्हणाली. मग आजोबांना काय सांगायचं ते आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. सुन्नत आहे, वय ठरलेलं नाही, बारा पूर्ण झाल्यावर कायदाही त्याचं म्हणणं ऐकतो, तेव्हा त्याला पुन्हा विचारू. तोवर विहिरीवर जाताना त्याचे मोठे चुलतभाऊ त्याच्यासोबत असतील, हे तिने स्वतःहून सुचवलं.